नातवाचं नाव ऑटो ठेवलंय. या नावाची जुनी नामवंत माणसं कोण? (आणि चांदीच्या वाटीवर कसं कोरू?)

निदेशक_मिरज

नमस्कार मंडळी. धागा काढायची माझी पहिलीच वेळ, चुकलं तर सांभाळून घ्या. मी मिरजेचा. आयटीआयमध्ये शिल्प निदेशक होतो, ट्रेड मोटर मेकॅनिक. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली.

लेक जर्मनीत लाइपझिगला असते. जावई तिकडचाच. गेल्या महिन्यात नातू झाला, बाळ-बाळंतीण खुशाल. नाव ठेवलं ऑटो. जावयाच्या पणजोबांचं नाव. फोनवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "हे हाक मारायचं झालं, पाळण्यातलं सांग." तर म्हणे, "बाबा, हेच पाळण्यातलं, हेच कागदावरचं."

आमची ही दोन दिवस काही बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "मी आपली ओटू म्हणेन. ओटीतलं बाळ म्हणून ओटू." तिचं तिनं मिटवलं. माझं काही मिटेना. कट्ट्यावर नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "शेअर की मीटर?" चुलतभाऊ तर म्हणाला, दुसरा झाला की टेम्पो ठेवा.

मला हे नाव नवं नाही, पण माझ्या डोक्यात ते इंजिनाला चिकटलेलं. फळ्यावर 'ऑटो सायकल' असं लिहिलं की दरवर्षी एक तरी पोरगं विचारायचं, "सर, ऑटोला सायकल कशी?" मग मी सांगायचो: बाबा रे, ही रिक्षा नव्हे, हा माणूस. निकोलाउस ऑटो. कोलोनसमोर, नदीपलीकडच्या डॉइट्झ गावात 1876 साली त्यानं चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं. सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट. आजही पेट्रोलवरची बाइक त्याच चार ठोक्यांवर पळते. पण त्याचं ऑटो हे आडनाव. मला पाहिजेत ती ऑटो हे पहिलं नाव असलेली माणसं.

पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बारसं आहे. लेक म्हणते, दोन शब्द बोला. सोबत दमही दिलाय: "बिस्मार्क सोडून काहीही."

दुसरी अडचण. बाळाला चांदीची वाटी-चमचा करायला टाकलाय. वाटीवर नाव कोरायचंय, सोनाराला शुक्रवारपर्यंत लिहून द्यायचंय. ऑटो, ओटो की ओट्टो?

गावभागातला

काका, अभिनंदन! पुतण्याचं नाव रेयांश ठेवलंय. अर्थ विचारला की आमच्या घरात तीन माणसं तीन अर्थ सांगतात. तुमच्याला निदान चाकं आहेत.

एल्बकाठची

काका, मी माग्डेबुर्गला राहते, तुमच्या लेकीपासून रेल्वेनं तास-सव्वा तासावर. अकरा वर्षं झाली. तुम्ही बरोब्बर माणसाला विचारलंत, कारण आमच्या गावाचं दुकानच या नावावर चालतं. नगरपालिका स्वतःला 'ऑटोचं शहर' म्हणवून घेते. आणि एक नाही, दोन ऑटो आहेत. पहिला राजा, दुसरा नगराध्यक्ष. मला दुसरा जास्त आवडतो, पण मान पहिल्याला.

पहिला ऑटो 23 नोव्हेंबर 912 ला जन्मला. वडील हाइनरिष, आजोबांचं नाव ऑटो, सॅक्सनीचे ड्यूक. नातू झाला आणि आठवड्याभरात, 30 नोव्हेंबरला आजोबा गेले. म्हणजे नातवाला आजोबाचं नाव लावायची आपली जी रीत, ती तिकडेही हजार वर्षांपूर्वी होतीच. जावयानं पणजोबांपर्यंत जाऊन तेच केलंय, तुम्ही उगाच बिचकताय.

हा ऑटो 936 मध्ये आखेनला राजा झाला. 955 मध्ये आउग्सबुर्गजवळ लेखफेल्डच्या माळावर त्यानं मॉज्यार (म्हणजे हंगेरियन) घोडेस्वारांचा पराभव केला. त्यांच्या पश्चिमेकडच्या स्वाऱ्या त्यानंतर थांबल्या. 962 मध्ये रोमला पोपनं त्याच्या डोक्यावर सम्राटाचा मुकुट ठेवला. बारशात एवढं पुरे. पण मला सांगायचंय ते त्याच्या बायकोबद्दल.

तिचं नाव एडिथ. इंग्लंडच्या राजघराण्यातली, आल्फ्रेड राजाची नात. लग्नात ऑटोनं तिला माग्डेबुर्ग गाव आंदण दिलं. 946 मध्ये ती गेली, तिशी ओलांडलेली होती. ऑटोला तोवर वाचता येत नव्हतं. त्या काळच्या विडुकिंड नावाच्या साधूनं लिहून ठेवलंय की एडिथ गेल्यावर राजा अक्षरं शिकला आणि पुस्तकं वाचून समजण्याइतका तयार झाला. तेहतीस-चौतिशीचा गडी, लढाया मारून आलेला, आणि बसलाय अक्षरं गिरवत. कॅथेड्रलमध्ये त्याच्या कबरीवर एक साधी संगमरवरी फरशी आहे. तिथं उभी राहिले की मला लेखफेल्ड आठवत नाही, हे आठवतं.

एडिथची कबर त्याच इमारतीत मागच्या बाजूला. सगळे धरून चालले होते की ती रिकामी आहे, नुसतं स्मारक. 2008 मध्ये उघडली तर आत शिशाची पेटी निघाली, पेटीत रेशमात गुंडाळलेली हाडं, आणि पेटीवर लिहिलेलं की एडिथ राणीचे अवशेष 1510 मध्ये इथं हलवले. पण हाडं तिचीच कशावरून? मग दात ब्रिस्टलला तपासले. लहानपणी ज्या मातीतलं पाणी माणूस पितो तिची खूण दाताच्या कवचात कायमची राहते. ती खूण निघाली दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या टेकड्यांची. हजार वर्षांनी दातावरून माहेर सापडलं!

मुलाचं नाव परत ऑटो, नातवाचंही ऑटो. मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी रोममध्ये हिवतापानं गेला. नातू तीन वर्षांचा असताना राजा झाला आणि एकविसाव्या वर्षी गेला. ते दोन्ही दुसऱ्या बायकोकडचे, अडेलहाइडकडचे. बारशात नको ते.

आता नगराध्यक्ष. ऑटो फॉन गेरिके, जन्म 1602, माग्डेबुर्ग. शाळेच्या पुस्तकात 'मॅग्डेबर्गचे अर्धगोल' होते, आठवतात? तेच. पण पुस्तकात त्याच्या आधीचं नसतं. 1631 च्या मे महिन्यात सम्राटाच्या फौजेनं हे गाव लुटलं आणि जाळलं. साधारण 20 हजार माणसं मेली. गेरिके बायकोमुलांसह पकडला गेला, खंडणी भरून सुटला. मग परत आला. जळक्या गावाचा नकाशा करत, तटबंदी बांधत, शांततेच्या वाटाघाटींना गावाच्या वतीनं दारोदार फिरत त्याची उमेदीची वर्षं गेली. 1646 ला नगराध्यक्ष झाला. आणि हे सगळं सांभाळून हा माणूस फावल्या वेळात पोकळी करायच्या मागे लागलेला.

सुरुवात बिअरच्या पिंपापासून. पिंप पाण्यानं भरायचं, बंद करायचं आणि खालून पंपानं पाणी उपसायचं, म्हणजे आत काहीच उरणार नाही. उरली, पण फटींतून हवा शिरताना पिंप सूं-सूं करायला लागलं. मग तांब्याचा गोळा केला. तो कागदासारखा चुरगळला. मग चांगला गोल, जाड गोळा केला. 1650 च्या सुमाराला त्याचा हवा उपसायचा पंप जमला. मग ते दोन अर्धे गोल, कडेला मेण आणि टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली चामड्याची चकती, आतली हवा काढलेली, आणि दोन्हीकडे आठ-आठ घोडे, तरी अर्धगोल सुटता सुटेनात. 1663 मध्ये बर्लिनला 24 घोडे जुंपून केलं. (त्याच साली आपल्याकडे लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं गेली. मला तारखा अशाच लक्षात राहतात.)

आणि घर! घराच्या भिंतीला त्यानं दहा मीटरहून उंच पाण्याचा बॅरोमीटर लावला होता. नळीत वर एक लाकडी बाहुला तरंगायचा. हवा चांगली असली की बाहुला वर, बिघडली की खाली. 1660 मध्ये बाहुला एकदम तळाला गेला, गेरिके म्हणाला वादळ येतंय, आणि आलं. जाता येता लोक बाहुल्याकडे बघत असणार, आपण मोबाइलमध्ये बघतो तसे.

नावाच्या अक्षरांची काळजी त्यालाही होती. 1666 ला सरदारकी मिळाली तेव्हा त्यानं आडनावात एक 'यू' घालून घेतला, फ्रेंच लोकांनी 'जेरिके' म्हणू नये म्हणून. तेव्हा वाटीचा प्रश्न क्षुल्लक नाही. त्यावर नंतर लिहिते, आता ट्राम पकडायचीय.

निदेशक_मिरज

ताई, तुमचा प्रतिसाद हिला वाचून दाखवला. दातावरून माहेर सापडलं यावर ती एकदम खूश. म्हणाली, "माझे काढाल तेव्हा कृष्णेचं पाणी निघेल."

गेरिकेचे अर्धगोल मी वर्गात शिकवलेत. आयटीआयला गोळे कुठले, जुन्या हेडलाइटच्या दोन रिंगा आणि ग्रीस लावलेलं गॅस्केट घेऊन करायचो. बेताचंच जमायचं. पण हिशेब चोख: अर्धा मीटर व्यासाचा गोळा धरा, आतली सगळी हवा काढली असं धरा, तर बाहेरची हवा जवळजवळ दोन टनांनी त्याला दाबून धरते. मिरज जंक्शनला गव्हाची पोती बघता ना, तशी चाळीस पोती, प्रत्येक पन्नास किलोचं.

आणि एक गंमत मी पोरांना नेहमी विचारायचो. दोन्हीकडे आठ-आठ घोडे कशाला? एका बाजूला आठ घोडे आणि दुसऱ्या बाजूला भिंतीतली कडी, ओढ तेवढीच! भिंतही तेवढ्याच जोरानं उलटी ओढते. आठ घोड्यांचा चारा वाचला असता. पण हा नियम न्यूटननं छापला 1687 मध्ये. ताई, गेरिके कधी गेले?

एल्बकाठची

1686. हॅम्बुर्गला, मुलाकडे. एक वर्ष चुकलं बघा.

आणि काका, भिंत लावली असती तर बघायला गाव कोण जमलं असतं? माणूस राजकारणी होता.

पेठेतला_खवचट

सगळं गोड चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो. निदेशकसाहेब, 'बिस्मार्क सोडून' म्हणालात म्हणजे लेकीला विषय ठाऊक आहे. पण तो टाळून हे नाव पुरं होत नाही. जन्म 1 एप्रिल 1815, शोनहाउझेन, तेही एल्बेकाठचंच. ताईंच्या गावापासून फार लांब नाही. तीन लढाया करून जर्मनी एक केली, 1871 ते 1890 चॅन्सेलर. समाजवाद्यांवर 1878 मध्ये बंदी घातली. आणि त्याच समाजवाद्यांच्या पायाखालची जमीन काढून घ्यायला कामगारांना आजारपणाचा विमा दिला 1883 मध्ये, अपघाताचा 1884 मध्ये, म्हातारपणीची पेन्शन 1889 मध्ये. पेन्शन सत्तराव्या वर्षी. तेव्हा किती कामगार सत्तरी गाठत असतील, हा हिशेब तुम्हीच करा. तरी तुमची-माझी पेन्शन ज्या कल्पनेवर उभी आहे ती सरकारी कायद्यात आणणाऱ्या पहिल्यांपैकी हा. त्याला एकदम कट्ट्यावरून हाकलू नका.

पण मला बारशात सांगायला लावलं तर मी बिस्मार्क नाही, त्यानं ज्यांच्यावर बंदी घातली त्या पक्षाचा ऑटो सांगेन. ऑटो वेल्स. बर्लिनच्या खानावळवाल्याचा मुलगा, धंद्यानं घराच्या भिंतींना कागद चिकटवणारा कारागीर. 23 मार्च 1933. राइशस्टाग, म्हणजे संसदेची इमारत, जळलेली, म्हणून सभा क्रोल ऑपेरागृहात. हिटलरला सगळे अधिकार देणारा कायदा मताला आलाय. दारात आणि आत सभागृहात हिटलरचे तपकिरी शर्टवाले उभे. कम्युनिस्ट खासदारांना येऊच दिलेलं नाही, वेल्सच्या पक्षाचेही कितीतरी तुरुंगात किंवा पळालेले. बाकी सगळे पक्ष 'हो' म्हणणार हे ठरलेलं. हा उठला आणि म्हणाला: स्वातंत्र्य आणि जीव आमच्याकडून घेता येईल, अब्रू नाही. मतं पडली 444 विरुद्ध 94. ते चौऱ्याण्णव सगळे त्याचेच. नंतर देश सोडावा लागला, 1939 मध्ये पॅरिसला वारला.

आता खरं मीठ. लाखो ज्यूंना गाड्या भरभरून छावण्यांत पाठवायचं वेळापत्रक ज्याच्या टेबलावर होतं त्या आइखमानचं पूर्ण नाव ऑटो अडोल्फ आइखमान. आणि अशाच एका गाडीतून आउशविट्झला गेलेला, दोन्ही मुली आणि बायको गमावून एकटा परतलेला, मुलीची डायरी छापणारा बाप, तोही ऑटो. ऑटो फ्रांक. पहिल्या महायुद्धात हाच जर्मन सैन्यात अधिकारी होता. नाव कुणाच्या कपाळी काय लिहून देत नाही हो. पण सांगायचं तर दोन्ही सांगा.

निदेशक_मिरज

खवचटराव, तुमचं म्हणणं लागलं. बारशात आइखमान सांगणार नाही, तिथं घुगऱ्या आहेत. वेल्स मात्र सांगणार. भिंतीला कागद चिकटवणारा माणूस आणि सगळं सभागृह विरोधात. आमच्या ट्रेडला असा एक जरी निघाला असता तरी मी हवेत असतो.

पाणिनीवाली_सुलभा

काका, एक ऑटो तुम्ही थेट देवघराशेजारच्या फडताळात ठेवण्यासारखा आहे. ऑटो फॉन ब्योटलिंक, आपल्याकडे बोथलिंक म्हणतात. जन्म सेंट पीटर्सबर्गचा, घराणं जर्मन. पंचविशीच्या आत पाणिनीची अष्टाध्यायी छापून मोकळा झाला, बॉनला, 1839-40. मग रुडोल्फ रोटबरोबर संस्कृत-जर्मन कोश: सात जाडजूड खंड, 1855 ते 1875. प्रत्येक शब्द वेदापासून पुढं कुठं कुठं आलाय त्याच्या जागांसकट. आपट्यांचा कोश पुण्यात 1890 ला निघाला, त्याच्या पंधरा वर्षं आधी हा पुरा होता. हे सगळं चिठ्ठ्यांवर. संगणक सोडा, टाइपरायटरही धड नव्हता.

त्यानं सुभाषितंही गोळा केली, मूळ संस्कृत आणि खाली जर्मन, साडेसात हजारांच्या वर. माझ्या एमएच्या मॅडम म्हणायच्या, सुभाषित अडलं की आधी बोथलिंक उघड, मग आजीला विचार. 1904 मध्ये गेला. कुठं गेला? लाइपझिगला! तुमच्या नातवाच्या गावात.

आणि 1815 काय वर्ष होतं बघा. एप्रिलमध्ये बिस्मार्क, जूनमध्ये बोथलिंक, आणि जूनच्याच पहिल्या तारखेला बव्हेरियाचा राजपुत्र ऑटो. त्याला पुढं ग्रीसचा राजा केलं, सतरा वर्षांचं पोर जहाजातून उतरवलं. तीस वर्षांनी, 1862 मध्ये, ग्रीकांनी त्याला परत जहाजात बसवलं. पुढं 2004 ला त्याच ग्रीसनं फुटबॉलचा युरो कप जिंकला तेव्हा प्रशिक्षक कोण? ऑटो रेहागेल, एसेनचा जर्मन. त्याला मात्र डोक्यावर घेतलं.

अर्थ विचारला नाहीत, तरी सांगते. जुन्या जर्मनमध्ये 'ओट' म्हणजे धन, मालमत्ता. ऑटफ्रीड, ऑटमार अशी मोठी नावं होती, त्यांचं लाडकं छोटं रूप ऑटो. म्हणजे आपला धनाजी! आणि एडिथमधला 'एड' हाही त्याच धातूचा, जुन्या इंग्रजीतला. नवरा धनाजी, बायको धनाबाई.

गावभागातला

धनाजी म्हणजे विषयच संपला काका. आता कट्ट्यावर कोण हसतंय बघू. पाण्यात घोड्यांना धनाजी दिसायचा, गेरिकेच्या घोड्यांना ऑटो.

आम्लवायू

रसायनशास्त्राचा माणूस, थोडक्यात लिहितो. पहिलं नाव ऑटो असलेले नोबेलवाले मी बोटांवर मोजले, सात भरले: वालाख 1910, मायरहोफ 1922, वारबुर्ग 1931, लोवी 1936, स्टर्न 1943, हान 1944, डील्स 1950. शंभर वर्षांपूर्वी तिकडे हे नाव आपल्या 'सुरेश'सारखं असणार.

यातला लोवी बारशाला चालेल. रात्री स्वप्नात प्रयोग सुचला, झोपेतच चिठ्ठीवर खरडला, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दिवसभर डोकं आपटलं. दुसऱ्या रात्री तीन वाजता तेच स्वप्न. या वेळी चिठ्ठीच्या भानगडीत पडला नाही, उठून थेट प्रयोगशाळेत. दोन बेडकांची धडधडती हृदयं. एकाची नस उत्तेजित करून गती मंदावली, त्याच्यातलं पाणी दुसऱ्यावर सोडलं, तर तेही मंदावलं. नसेचा निरोप रसायनानं जातो हे त्या पहाटे कळलं.

हाननं 1938 च्या डिसेंबरात बर्लिनला श्ट्रासमानबरोबर युरेनियम फोडलं, पण काय झालंय ते नीट उलगडेना. उलगडलं त्याची जुनी सहकारी लीझे माइटनर आणि तिच्या भाच्यानं, स्वीडनमध्ये बर्फात चालता चालता. एका ओंडक्यावर बसून कागदाच्या चिटोऱ्यांवर आकडेमोड केली. भाच्याचं नाव? ऑटो फ्रिश. नोबेल हानला, बाईंना काही नाही. हे मला अजून पचत नाही.

आणि बर्लिनच्या जुन्या टेगेल विमानतळावर उतरलेला कुणी असेल तर त्याचं पूर्ण नाव 'ऑटो लिलिएंताल'. करकोच्यांचं उडणं बघून विलोच्या काड्या आणि सुती कापडाचे पंख केले, टेकडीवरून दोन हजारांवर उड्या मारल्या. ऑगस्ट 1896 मध्ये पडला, मान मोडली, दुसऱ्या दिवशी गेला. काका, तुमच्या ट्रेडच्या माणसाला हा आवडेल: तो मुळात यंत्रं आणि बॉयलर करणारा कारखानदार होता.

निदेशक_मिरज

मंडळी, वही भरली. आता एकच. उद्या शुक्रवार. वाटीवर काय लिहू? मी 'ओट्टो' ठरवलं होतं. दोन 'टी' आहेत ना स्पेलिंगात. आणि रिक्षाशी घोटाळा नको.

एल्बकाठची

काका थांबा, 'ओट्टो' नका करू! जर्मनमध्ये दोन 'टी' लिहितात ते आधीचा स्वर आखूड आहे हे सांगायला. ट चा उच्चार एकदाच. पहिला स्वर आपल्या 'ऑ'सारखा उघडा, शेवटचा 'ओ'. म्हणजे अगदी बरोबर उच्चार 'ऑटो'च. जो तुम्हाला लपवायचा होता तोच खरा.

आणि रिक्षाची भीती सोडा. जर्मनमध्ये मोटारीला 'आउटो' म्हणतात, त्यामुळे तिथं या दोन शब्दांचा घोटाळा कुणाच्या डोक्यातही येत नाही. हसणार ते फक्त आपण. शाळेत पोरं चिडवतील ते वेगळ्याच कारणानं. जर्मनीत जुलाब लागले की 'चपळ ऑटो' झालाय म्हणतात. मी नोकरीला लागले त्या वर्षी एक सहकारी सकाळी फोनवर म्हणाला, "आज येत नाही, चपळ ऑटो आहे." मी बापडी सगळ्यांना सांगत सुटले, त्यानं नवी गाडी घेतली. हे हवं तर आजींना सांगू नका.

आणखी एक. रोमन लिपीत हे नाव उलटं वाचलं तरी तेच. 'चिमा काय कामाची'सारखं. आरशातही तेच दिसतं. लहान मुलाला स्वतःचं नाव लिहायला याहून सोपं काय असणार?

निदेशक_मिरज

सोमवार. हकिकत सांगतो आणि धागा बंद करतो.

शुक्रवारी सोनाराला पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: ऑटो. शनिवारी संध्याकाळी वाटी आणली. दुकानात गर्दी होती, चष्मा घरी. पिशवीत टाकून आलो.

रविवारी दुपारी कॉल लावला. तिकडे जावई, त्याची आई, मांडीवर बाळ, पांढरा टोपडा. मी दोन शब्द बोललो, म्हणजे वीस मिनिटं. अक्षरं गिरवणारा राजा सांगितला, बाहुला सांगितला, वेल्स सांगितला. धनाजी सांगितला तेव्हा लेकीनं भाषांतर केलं आणि विहीणबाई फार हसल्या. त्या मला म्हणाल्या, माझ्या आजेसासऱ्यांबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. खरंच की. घरातला ऑटो राहिलाच. मग त्यांनी सांगितलं: ते रेल्वेत फिटर होते. मी खुर्चीतून उठलो. अहो, फिटर! हे आधी कुणी सांगायचं की नाही?

मग हिनं वाटी कॅमेऱ्यासमोर धरली. लेकीनं डोळे बारीक केले. म्हणाली, "बाबा, हे काय लिहिलंय?"

सोनारानं चंद्र दिलाच नव्हता. वाटीवर सुबक, ठसठशीत कोरलेलं: आटो.

क्षणभर सगळे गप्प. मग आमची ही शांतपणे म्हणाली, "असू दे. दुधाचीच वाटी आहे. दूध आटो, बाळ वाढो."

आज सकाळी चष्मा लावून परत गेलो. सोनार म्हणाला, चंद्र काढून देतो, पैसे नकोत, गुरुवारी या. हिचं म्हणणं, नका काढू. अजून ठरत नाही.